उच्च शिक्षण आणि निवाऱ्याचा प्रश्न : महाराष्ट्रातील विद्यार्थी वसतिगृहांना मिळणाऱ्या शासकीय अर्थसाहाय्याचे स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना

उच्च शिक्षणाच्या खर्चाचा विचार करताना आपल्याकडे प्रामुख्याने शैक्षणिक शुल्काचा विचार केला जातो. शुल्कमाफी, शुल्क प्रतिपूर्ती, शिष्यवृत्ती हे धोरणचर्चेचे नेहमीचे विषय आहेत. तथापि खेड्यातून जिल्ह्याच्या वा विभागाच्या ठिकाणी शिकण्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने शुल्क हा खर्चाचा केवळ एक भाग असतो. राहण्याची खोली, दोन वेळचे जेवण, खोलीसाठी द्यावी लागणारी अनामत रक्कम आणि प्रवासखर्च हा उर्वरित भाग अनेकदा शुल्कापेक्षा मोठा असतो. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत दिली. हा निर्णय स्वागतार्ह असला, तरी ज्या गावात महाविद्यालयच नाही तेथील मुलीपुढे शुल्क माफ झाल्यानंतरही ‘राहायचे कोठे?’ हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याचे उत्तर मिळाले नाही, तर शुल्कमाफीचा लाभ कागदावरच राहतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार शासकीय अर्थसाहाय्याच्या अंगाने केला आहे. शासन विद्यार्थ्यांच्या निवासासाठी मुख्यतः दोन प्रकारे पैसा खर्च करते. एक, वसतिगृहाची इमारत बांधून व चालवून; दोन, विद्यार्थ्याच्या बँक खात्यात भत्ता जमा करून. हे दोन मार्ग परस्परांना पर्याय आहेत, असे अलीकडे गृहीत धरले जाऊ लागले आहे. हे गृहीतक कितपत टिकते, हे तपासणे आवश्यक आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) महाराष्ट्रातील विद्यार्थी वसतिगृहांना मिळालेल्या शासकीय साहाय्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) इमारतीसाठीचे भांडवली अनुदान आणि विद्यार्थ्याला मिळणारा निवास भत्ता या दोन पद्धतींतील फरक स्पष्ट करणे.
३) भत्ता योजनांच्या रकमा, वेळ व अटी यांची चिकित्सा करणे.
४) उपाययोजना सुचविणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात वसतिगृह ही केवळ सोय म्हणून नव्हे, तर शिक्षणप्रसाराचे साधन म्हणून उभी राहिली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत अशा विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. १९२२ मध्ये महाराजांचे निधन होईपर्यंत कोल्हापूर हे वसतिगृहांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले होते.

या उपक्रमाची आर्थिक रचना आजही लक्षात घेण्यासारखी आहे. संस्थानाने जागा, इमारत वा रोख देणगी द्यावी आणि वार्षिक उत्पन्नाची तजवीज करावी. त्या त्या समाजाने वर्गणी गोळा करून व्यवस्थापन सांभाळावे, अशी ती विभागणी होती. म्हणजेच शासनाचा वाटा इमारत उभी करून संपत नव्हता; ती चालविण्याची सोयही त्यात अंतर्भूत होती.

कोल्हापुरातच शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांचे विद्यार्थी एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि श्रम करून शिकत. समाजनिहाय वसतिगृहांकडून सर्वांच्या एकत्र वसतिगृहाकडे टाकलेले हे महत्त्वाचे पाऊल होते. १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले. त्याला सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले होते. रक्कम लहान होती, परंतु ती दरमहा मिळणारी होती. अनुदानाची नियमितता त्याच्या रकमेइतकीच महत्त्वाची असते, हे यातून ध्यानात येते.

स्वातंत्र्योत्तर काळातील धोरण

स्वातंत्र्यानंतर वसतिगृहांची जबाबदारी केंद्र व राज्य शासनाच्या विविध विभागांत विभागली गेली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पदवी स्तरावरील सुमारे २५ टक्के व पदव्युत्तर स्तरावरील सुमारे ५० टक्के विद्यार्थ्यांना वसतिगृहाची सोय उपलब्ध व्हावी, असे उद्दिष्ट सुचविले होते. ज्यांना घरी अभ्यासाला जागा नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी दिवसा अभ्यास करता येईल अशी केंद्रे काढावीत, अशीही शिफारस होती. प्रत्येक महाविद्यालयाने आपली पटसंख्या आणि वसतिगृहातील खाटांची संख्या शेजारी शेजारी मांडून पाहिली, तर या उद्दिष्टापासूनचे आपले अंतर सहज लक्षात येईल.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची केंद्र पुरस्कृत वसतिगृह योजना २००८ पासून बाबू जगजीवनराम छात्रावास योजना या सुधारित स्वरूपात राबविली गेली. त्यात राज्य शासनाच्या मुलींच्या वसतिगृहाच्या बांधकामासाठी केंद्राकडून १०० टक्के, तर मुलांच्या वसतिगृहासाठी ५० टक्के साहाय्य होते. २०२१-२२ पासून ही योजना प्रधानमंत्री अनुसूचित जाती अभ्युदय योजनेत समाविष्ट झाली. दुसऱ्या बाजूला विद्यापीठ अनुदान आयोगाने अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या (२००७-१२) काळात महाविद्यालयांना महिला वसतिगृहांसाठी अनुदान दिले. ग्रामीण भागातील अनेक महाविद्यालयांच्या आवारातील महिला वसतिगृहे ही अशा अनुदानांचीच फलश्रुती होय.

या सर्व योजनांत एक समान मर्यादा दिसते. त्यांचा भर बांधकामावर आहे. इमारत झाल्यानंतर गृहपाल, सुरक्षारक्षक, पाणी, वीज, डागडुजी व खानावळ यांचा दरवर्षीचा खर्च कोणी करावयाचा, याचे उत्तर बांधकाम अनुदानाच्या मंजुरीपत्रात नसते. शासकीय वसतिगृहात तो विभागाच्या तरतुदीवर अवलंबून असतो. महाविद्यालयीन वसतिगृहात तो विद्यार्थ्यांच्या शुल्कावर पडतो आणि मग ‘परवडणारे’ हे विशेषण गळून पडते. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोड परिसरातील शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीची हत्या झाली. या घटनेने वसतिगृहातील मनुष्यबळ व देखरेख हा प्रश्न किती गंभीर आहे, हे साऱ्या राज्यापुढे आणले.

भत्ता योजनांचा उदय

शासकीय वसतिगृहांची क्षमता अपुरी पडू लागल्यावर राज्य शासनाने दुसरा मार्ग स्वीकारला. २०१६-१७ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना सुरू झाल्या. दहावीनंतरच्या शिक्षणासाठी शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला भोजन, निवास व निर्वाह यांसाठी थेट रक्कम द्यावी, हे त्यांमागील सूत्र आहे. पुढे कृषी व कामगार कुटुंबांतील आणि आर्थिक दुर्बल विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आणि २०२३-२४ मध्ये इतर मागास, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. आधार योजनेत प्रति जिल्हा ६०० याप्रमाणे २१,६०० विद्यार्थ्यांची मर्यादा ठरविण्यात आली.

स्वाधार योजनेच्या मूळ वार्षिक रकमा पुढीलप्रमाणे होत्या.

तक्ता क्र. १ : स्वाधार योजनेतील वार्षिक रकमा (रुपये)
अ) मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर यांसारखी मोठी शहरे : भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००, एकूण ६०,०००
ब) इतर महानगरपालिका क्षेत्रे : भोजन २८,०००; निवास १५,०००; निर्वाह ८,०००; एकूण ५१,०००
क) इतर ठिकाणे : भोजन २५,०००, निवास १२,०००, निर्वाह ६,०००, एकूण ४३,०००

याशिवाय शैक्षणिक साहित्यासाठी वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ५,००० आणि इतरांना २,००० रुपयांची तरतूद होती.

या योजनांचे महत्त्व नाकारता येणार नाही. इमारत उभी राहण्यास जागा, निविदा व बांधकाम यांत वर्षे जातात. भत्ता त्याच वर्षी सुरू करता येतो. ज्या शहरात शासकीय वसतिगृह दूर आहे, तेथे विद्यार्थी महाविद्यालयाजवळ खोली घेऊ शकतो. हजारो कुटुंबांतील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना या रकमेमुळे शहरात टिकून राहता आले आहे. तरीही पुढील चार बाबींचा विचार करणे आवश्यक ठरते.

भत्ता पद्धतीच्या मर्यादा

अ) रकमेची पर्याप्तता : ‘अ’ गटातील निवासासाठीचे २०,००० रुपये दहा महिन्यांत विभागले, तर दरमहा २,००० रुपये होतात. भोजनाचे ३२,००० रुपये तीनशे दिवसांत विभागले, तर दिवसाला सुमारे १०७ रुपये येतात. त्यात चहा, न्याहारी व दोन वेळचे जेवण बसवावे लागते. महत्त्वाची बाब अशी की, २०२३-२४ मध्ये आधार योजना जाहीर झाली तेव्हाही मोठ्या शहरांसाठी ६०,००० रुपयांचाच दर ठेवण्यात आला. जानेवारी २०१७ ते डिसेंबर २०२३ या काळात अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे ४२ टक्क्यांनी वाढला होता. याचा अर्थ २०२३ च्या अखेरीस ६०,००० रुपयांचे मोल २०१७ च्या किमतींनुसार ४२ हजारांच्या आसपास उरले होते. म्हणजे पुण्या-मुंबईतील विद्यार्थ्याच्या हाती, सात वर्षांपूर्वी ‘इतर ठिकाणां’साठी ठरविलेल्या ४३,००० रुपयांपेक्षाही कमी क्रयशक्ती येत होती. दर कमी न करताही साहाय्य कसे कमी होते, याचे हे उदाहरण होय.

आ) रकमेची वेळ : भत्ता कधी मिळतो, हा प्रश्न किती मिळतो याइतकाच निर्णायक आहे. घरमालक वा खाजगी वसतिगृहाचा चालक अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ मागतो. भत्त्याची प्रक्रिया मात्र प्रवेश फेऱ्या संपल्यावर, शासकीय वसतिगृहाच्या निवड याद्या लागल्यावर सुरू होते. त्यानंतर अर्ज, जात व उत्पन्नाचे दाखले, आधार संलग्न बँक खाते, भाड्याने राहत असल्याचा पुरावा, महाविद्यालयाचा उपस्थिती दाखला, छाननी व निधीची उपलब्धता असे टप्पे असतात. हप्ते लांबल्याच्या तक्रारी आणि थकबाकीसाठी विद्यार्थ्यांनी केलेली आंदोलने राज्यात अनेक वेळा झाली आहेत. परिणामी, खर्च करण्यासाठी दिलेली रक्कम प्रत्यक्षात आधीच केलेल्या खर्चाची भरपाई ठरते. ज्याच्याकडे आगाऊ खर्च करण्याची ऐपत आहे, तो या योजनेचा लाभ घेऊ शकतो. ज्याच्याकडे ती नाही, तो सावकाराकडे तरी वळतो किंवा गावी तरी परततो. योजना ज्याच्यासाठी आहे, त्यालाच ती अशा रीतीने वगळते.

इ) खोली मिळण्याची शाश्वती : भत्त्यामुळे मागणीला बळ मिळते, परंतु शहरातील परवडणाऱ्या खोल्यांची संख्या त्यामुळे वाढत नाही. शिवाय भाड्याच्या खोलीचा व्यवहार केवळ पैशावर ठरत नाही. आडनाव, धर्म, आहार व लिंग यांवरून खोली नाकारली जाण्याचा अनुभव शहरांत नवा नाही. या संदर्भात डॉ. आंबेडकरांचा १९१७ मधील बडोद्याचा अनुभव सर्वश्रुत आहे. परदेशात उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले, परंतु शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. नाव लपवून एका पारशी सरायीत त्यांना आश्रय घ्यावा लागला. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला आणि त्याचा निकाल लागण्यापूर्वीच, अकराव्या दिवशी, जमावाने त्यांना सराय सोडण्यास भाग पाडले. पदवी होती, पगार होता. नव्हते ते छत. सार्वजनिक वसतिगृहाची आवश्यकता यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

ई) लाभार्थ्यांचे मत : जुलै २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. वसतिगृहातील खानावळ बंद करून तिचे पैसे खात्यात जमा करण्याच्या निर्णयाला त्यांचा विरोध होता. रोख रक्कम हाती येत असताना विद्यार्थ्यांनी ताटातील जेवण मागावे, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. खात्यातील पैशाला घरच्या अडचणींच्या वाटा फुटतात आणि हप्ता चुकला की उपवास घडतो. शिजलेले अन्न मात्र वेळेवर मिळते, हा या मागणीमागील व्यवहारी हिशेब होता.

खाजगी वसतिगृहे व करआकारणी

शासकीय क्षमता अपुरी असल्याने बहुसंख्य स्थलांतरित विद्यार्थी खाजगी वसतिगृहांत किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहतात. त्यांच्यासाठी करधोरण हाही साहाय्याचाच अप्रत्यक्ष प्रकार ठरतो. जुलै २०२२ मध्ये दिवसाला १,००० रुपयांपर्यंतच्या हॉटेल निवासावरील वस्तू व सेवा कराची सूट रद्द झाली. २०२३ मध्ये कर्नाटक व उत्तर प्रदेशातील अग्रिम निर्णय प्राधिकरणांनी खाजगी वसतिगृहांच्या भाड्यावर १२ टक्के कर लागू होतो, असे निर्णय दिले. अखेर जून २०२४ मधील ५३ व्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या शिफारशीनुसार, सलग किमान ९० दिवसांच्या वास्तव्यासाठी दरमहा प्रति व्यक्ती २०,००० रुपयांपर्यंतची निवास सेवा करमुक्त करण्यात आली. यामुळे भाडेवाढीचे एक कारण टळले. तथापि करमुक्ती म्हणजे भाडेनियंत्रण नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

अन्य देशांतील दोन उदाहरणे

भांडवली अनुदान आणि भत्ता यांतील निवडीचा प्रश्न केवळ आपल्यापुढे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा करून सार्वजनिक विद्यापीठे व कम्युनिटी कॉलेजांना विद्यार्थी निवास बांधण्यासाठी अनुदान योजना सुरू केली. या अनुदानाला दोन अटी जोडलेल्या होत्या. अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना खाटेसाठी प्राधान्य द्यावे आणि भाडे त्या भागातील मध्यक उत्पन्नाच्या निम्म्या रकमेच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. इमारतीसाठी मिळालेला सार्वजनिक पैसा भाड्याच्या मर्यादेशी बांधण्याचा हा मार्ग आहे.

जर्मनीत १९७१ पासून कायद्याने विद्यार्थी साहाय्य दिले जाते व त्यात निवासासाठी ठरावीक मासिक रक्कम असते. २०२४ मध्ये ती ३६० वरून ३८० युरो करण्यात आली. परंतु ती संपूर्ण देशासाठी एकच असल्याने म्युनिकसारख्या महागड्या शहरात ती अपुरी पडते. आपल्याकडील योजनांत शहरांची वर्गवारी आहे, ही त्या तुलनेत जमेची बाजू होय. मात्र दर वेळोवेळी वाढविण्याची बांधील पद्धत आपल्याकडे नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) निवास भत्ता हा वसतिगृहाला पूरक आहे, पर्याय नाही. भत्ता तातडीची गरज भागवितो; सुरक्षित, भेदभावरहित व स्थिर निवारा वसतिगृहच देऊ शकते.
२) केवळ बांधकामाला दिलेले अनुदान अपुरे ठरते. इमारत चालविण्याची तरतूद नसेल, तर खर्चाचा भार विद्यार्थ्यावर किंवा सुरक्षिततेवर पडतो.
३) भत्त्याची रक्कम निर्देशांकाशी जोडलेली नसल्याने तिचे मूल्य दरवर्षी घटते.
४) उशिरा मिळणारा भत्ता गरजूंपैकी सर्वांत गरजू विद्यार्थ्यालाच बाहेर ठेवतो.

उपाययोजना

१) भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित होताच, प्राथमिक पात्रतेवर आगाऊ द्यावा. कागदपत्रांची पूर्ण छाननी दुसऱ्या हप्त्यापूर्वी करावी.
२) दरांचे पुनर्विलोकन ग्राहक किंमत निर्देशांकानुसार दरवर्षी आपोआप व्हावे.
३) बांधकाम अनुदान मंजूर करतानाच किमान दहा वर्षांच्या देखभाल व मनुष्यबळाच्या खर्चाची तरतूद आणि भाड्याची कमाल मर्यादा निश्चित करावी.
४) सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण व उच्च शिक्षण या विभागांच्या योजनांसाठी एकच अर्ज व एकच वेळापत्रक असावे.
५) महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच स्थलांतरित विद्यार्थ्यांची नोंद घ्यावी. उपस्थिती दाखले वेळेत देणे, अर्ज भरण्यास मदत करणे आणि अनामत रकमेसाठी विद्यार्थी साहाय्य निधीतून बिनव्याजी उचल देणे या बाबी प्राध्यापक व प्राचार्य यांच्या अधिकारकक्षेत येतात. त्यांसाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

समारोप

शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूर, सातारा व सोलापूर येथील वसतिगृहांनी बहुजन समाजातील मुलांना शिक्षणाचे दार उघडून दिले. ज्ञानाइतकीच निवाऱ्याची गरज आहे, हे त्या काळातील कर्त्या माणसांना नेमके उमगले होते. आज पटसंख्या वाढली, महाविद्यालये वाढली, योजनांची संख्याही वाढली. मात्र पहिल्या सत्रातच गळणारा विद्यार्थी बहुधा परीक्षेत नापास झालेला नसतो, त्याला शहरात राहणे परवडलेले नसते. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे केवळ गैरहजेरीची खूण दिसते. त्या गैरहजेरीचे कारण शोधणे हे अध्यापकाचे आणि ते दूर करण्यासाठी वेळेवर निधी देणे हे शासनाचे कर्तव्य होय.